प्रसंग : किरकोळ

दुपारच्या चहाआधी मुद्रितं तपासणाऱ्या बाई त्याच्या टेबलाशी आल्या आणि एक पिवळी पडलेली चिठ्ठी समोर ठेवून म्हणाल्या, "सर, या बाईंचा पत्ता मिळेल का?" त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. चिठ्ठीवरचं अक्षर त्याचंच होतं, बावीस वर्षांपूर्वीचं, उभट आणि जरा जास्तच आत्मविश्वासाचं. वर कोपऱ्यात शब्द : कुचंबणा. खाली वाक्य : 'घर नीट चाललंय ना, म्हणून माझी कुचंबणा कुणाला दिसत नाही.' आणि पाठीमागे, शब्दकोशाच्या नियमाप्रमाणे, बोलणाऱ्याची माहिती : 'गृहिणी, वय ३१, पतीला उद्देशून. प्रसंग : किरकोळ.' चिठ्ठीतल्या बाईंचा पत्ता त्याला तोंडपाठ होता. सकाळी तिथूनच तो डबा घेऊन निघाला होता.

"बघतो," तो म्हणाला. बाई हलल्या नाहीत. पंचेचाळिशीच्या, सडसडीत, कानामागे पेन्सिल खोचलेली. एखादी चूक सापडली की ती दुरुस्त होईपर्यंत त्यांना चहा गोड लागत नसे. "उद्या अकराला पान छपाईला जायचंय," त्या म्हणाल्या. "मोठ्या साहेबांना हेच वाक्य हवंय. आणि जिवंत माणसाचं वाक्य असेल तर सही पाहिजे, हा नवा नियम तुम्हाला ठाऊकच आहे." नियम त्याला ठाऊक होता. प्रकाशकाच्या वकिलाने तो सहा महिन्यांपूर्वी काढला होता : बोलण्यातून टिपलेलं वाक्य छापायचं, तर बोलणाऱ्याची लेखी संमती हवी. छापील अर्ज होता, चार ओळींचा. 'वरील वाक्य माझे असून ते कोशात उदाहरण म्हणून घेण्यास माझी हरकत नाही.' त्या अर्जाने शेकडो बोलती वाक्यं कापून काढली होती. कोण जाणार त्या माणसांना शोधत? "वारल्या असतील तर तसं लिहा मागे," बाई म्हणाल्या. "मृत लिहिलं की सही लागत नाही." आणि त्याची जीभ 'हो' म्हणायला उचललीसुद्धा होती. एक अक्षर. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर बाई गेल्या असत्या, पान गेलं असतं, आणि संध्याकाळी तो नेहमीसारखा सात वाजता घरी जाऊन चपला काढून बसला असता. तो 'हो' म्हणाला नाही. पण म्हणणार होता हे त्याचं त्याला कळलं.

"एक विचारू?" बाई जाता जाता म्हणाल्या. "प्रसंग किरकोळ कसा हो? असलं वाक्य कुणी किरकोळ प्रसंगी बोलतं का?" तो म्हणाला, "असेल काहीतरी घरगुती." "हां," बाई म्हणाल्या, "घरगुती म्हणजे किरकोळच." त्यांनी ते सहज म्हटलं होतं. चिठ्ठी आणि कोरा अर्ज टेबलावर ठेवून त्या आपल्या खिडकीकडे गेल्या, आणि त्याच्या अंगावर त्या दोन कागदांचं असं ओझं आलं की त्याला वाटलं, खरंच, आता निवृत्त व्हावं. चार महिनेच उरले होते. कोशाची नवी आवृत्ती निघत होती, दोन वर्षांत स्वर संपून कसाबसा 'क' लागला होता, आणि कचेरीत थट्टा होती की चिठ्ठीबुवा जातील तेव्हा फार तर 'ग' उजाडलेला असेल. चिठ्ठीबुवा म्हणजे तो. हे नाव त्याला कुणी ठेवलं कोण जाणे, पण ते चिकटलं होतं, कारण चौतीस वर्षं त्याने कुणाचाही शब्द खाली पडू दिला नव्हता. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, प्रेताच्या मागून चालताना, कुठेही कानावर नवं काही आलं की खिशातून चिठ्ठी निघायची. कोशाचा नियमच होता तसा : ऐकलेलं वाक्य त्याच दिवशी टिपायचं, एक अक्षरही न बदलता. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेलं वाक्य बाद. या नियमाचा त्याला अभिमान होता. मोठ्या साहेबांनाही एवढा नव्हता.

आणि हा एकच शब्द अडून बसला होता. कात्रणांत तो ढिगाने सापडत होता, पण कुठे? 'प्रसाधनगृहाअभावी महिला प्रवाशांची कुचंबणा.' 'पाणीटंचाईमुळे रहिवाशांची कुचंबणा.' 'एकच खिडकी सुरू, ग्राहकांची कुचंबणा.' वर्तमानपत्रवाल्यांनी शब्दाला रांगेत उभं करून टाकलं होतं. त्याने लिहिलेला अर्थ मुद्रितावर होता : 'मनातील इच्छा वा भावना परिस्थितीमुळे व्यक्त किंवा पूर्ण करता न आल्याने होणारी घुसमट.' शेजारी मोठ्या साहेबांचा लाल शेरा : 'अर्थ बरोबर आहे. पण वाचून कुणाची कुचंबणा झाली आहे असं वाटत नाही.' आणि खाली व्युत्पत्ती. ती त्याची खास जहागीर. कुठला शब्द कुठून आला हे विचारायला लोक त्याच्याकडेच येत. या शब्दापुढे त्याने तीन महिने घालवून एवढंच लिहिलं होतं : 'कुच्, म्हणजे आकसणे, या धातूशी संबंध असावा', आणि पुढे प्रश्नचिन्ह. संकोचातला कुच्, आकुंचनातला कुच्. पटत होतं आणि हातात येत नव्हतं, मधली कडी मिळत नव्हती. पाहुण्यांना तो नेहमी सांगे की मूळ शोधायचं तर शब्द पहिल्यांदा कुठे दिसतो ते बघायचं, त्याच्या आधी तो कुणाच्या तरी तोंडात असतोच, पण ते तोंड आपल्याला सापडत नाही. आज तोंड सापडलं होतं. त्याच्याच डब्यात त्या तोंडाच्या माणसाने सकाळी पोळी बांधून दिली होती.

तो पाचलाच उठला. एवढ्या लवकर त्याला जिना उतरताना पाहून शिपाई म्हणाला, "तब्येत बरी ना?" तो म्हणाला, "हो, जरा काम आहे घरी." हे वाक्य आपण आजवर कधी म्हटलं होतं का, हे त्याला आठवेना. बाहेर ऊन अजून होतं, पिवळं आणि दमलेलं. या वेळेचा रस्ता त्याच्या ओळखीचा नव्हता. सातच्या रस्त्यावर माणसं घरी परतत असतात, पाचच्या रस्त्यावर शाळेतली मुलं, भाजी निवडून घेणाऱ्या बायका, दुकानाच्या पायरीवर बसून पाय दाबणारी एक म्हातारी. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात होती, पेनाशेजारी, आणि चालताना तिचा कोपरा छातीला टोचत होता. त्याने ती काढून पिशवीत ठेवली. मग पिशवीत ती चुरगळेल म्हणून पुन्हा खिशात ठेवली.

बावीस वर्षांपूर्वी ते दोन खोल्यांत राहत होते. बाहेरची खोली आईची, कारण आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्या खाटेशी एक खिडकी. आतली खोली बाकी सगळ्यांची आणि सगळ्याची; तिला दुसरी खिडकी, आणि त्या खिडकीशी बायकोचा ड्रॉइंग बोर्ड. लग्नाआधीपासून ती नकाशे काढायची, मोजणीच्या कचेरीत. हे त्याला ठाऊक होतं, म्हणजे आपल्या सासऱ्यांचं गाव कुठलं हे ठाऊक असतं तसं. एकदा तिने सांगितलं होतं की नदी काढताना श्वास रोखून धरावा लागतो, मध्ये श्वास घेतला की काठ हलतो. मूल झालं, आई पडली, नोकरी सुटली, पण त्या वर्षी जुन्या कचेरीतून तिला घरी करायला काम आलं होतं, शाळेच्या नकाशासंग्रहाची बारा पानं. जाड कागदाची गुंडाळी घेऊन ती आली तेव्हा दोन दिवस तिच्या बोलण्यात वेगळाच वेग होता. भाजीला फोडणी घालताना सुद्धा ती प्रमाण, उंची, छटा असलं काही बोलत होती. दुपारचे तीन तास आणि खिडकी, एवढंच तिला लागणार होतं. आणि त्याच आठवड्यात कोशाच्या कचेरीत रंगकाम निघालं. चिठ्ठ्यांच्या पेट्या सुरक्षित जागी हलवायच्या होत्या. कोण नेतो, असं तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी विचारलं आणि चिठ्ठीबुवांनी हात वर केला. पंधरा दिवसांचा तर प्रश्न. एकवीस पेट्या आल्या. ओल लागू नये म्हणून जमिनीवर ठेवता येईनात, तेव्हा त्याने इकडेतिकडे बघितलं आणि त्याला ती चांगली सपाट, रुंद, खिडकीशी मांडलेली फळी दिसली. 'फळी' असंच तो म्हणाला होता. "ही फळी बरी आहे."

रंगकाम पंधरा दिवसांत आटोपलं. पेट्या गेल्या नाहीत. घरी काम बरं होतं हे त्याच्या लक्षात आलं होतं. रात्री जेवण झालं की दोन तास अकारविल्हे लावून होत. ती काही म्हणाली नसेल असं नाही. म्हणाली असेल. एकदा "पेट्या कधी जायच्या?" असं विचारल्याचं त्याला आठवत होतं, आणि आपण "जातील की" म्हटल्याचंही. मग एका संध्याकाळी तो घरी आला तर गुंडाळी जागेवर नव्हती. "कागद परत दिले आज," ती म्हणाली. "माणूस आला होता." आणि तो म्हणाला, "बरं झालं. नाहीतरी धूळच खात होते." हे त्याला आज, या अनोळखी उन्हात चालताना, अक्षरशः आठवलं, कारण त्याचा कान तयार होता आणि त्या कानाने स्वतःचं वाक्यही टिपून ठेवलं होतं. ती तेव्हा आईचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिने भांडं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. बाहेर सासूबाई जाग्या होत्या, त्या घरात आवाज चढवायची सोयच नव्हती; तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसला कारभार. घसा कोरडा पडल्यासारखी ती मध्येच थांबली, आवंढा गिळला, आणि म्हणाली, "घर नीट चाललंय ना, म्हणून माझी कुचंबणा कुणाला दिसत नाही."

आणि तो उठला. ताडकन. याची लाज त्याला आज पहिल्यांदा वाटली, आणि वाटली ती नुसती मनाला नाही, कानाच्या पाळ्या गरम झाल्या, रस्त्यात कुणी बघतंय की काय असं वाटलं. कारण तो आनंदाने उठला होता. सात वर्षं ज्या शब्दाचं धड उदाहरण मिळत नव्हतं तो शब्द असा अख्खा, गरम, कारणासकट घरात चालून आला होता. तिच्या शेजारून तो खिडकीकडे गेला, फळीवरच्या पेटीतून कोरी चिठ्ठी काढली, पेन उघडलं. ती बोलता बोलता थांबली होती हेही त्याला दिसलं होतं. तो उठला त्या क्षणी तिचा चेहरा एकदम सैल झाला होता, कपाळावरची आठी गेली होती. चला, बोलून मोकळी झाली, असं त्याला तेव्हा वाटलं. पुढे बावीस वर्षं, कधी तो प्रसंग आठवलाच तर, तो सैल झालेला चेहराच आठवे आणि बरं वाटे. लिहिता लिहिता त्याने मान वर न करता विचारलं होतं, "पुन्हा म्हण बरं. 'दिसत नाही' म्हणालीस की 'दिसतच नाही'?" मग ती म्हणाली, "दिसत नाही." बाहेरून आईने हाक मारली आणि ती भांडं उचलून गेली. त्याने चिठ्ठी उलटली, वय, नातं लिहिलं, आणि 'प्रसंग' या रकान्यापाशी क्षणभर अडखळून, कारण फळीची हकीकत काही एका ओळीत मावली नसती, 'किरकोळ' असं लिहिलं.

चौकात त्याला थांबावं लागलं. पलीकडे जायला वाट मिळेना. सिग्नलपाशी उभा असताना त्याला स्वतःचाच अर्थ आठवला : परिस्थितीमुळे. चौतीस वर्षांत किती ठिकाणी त्याने हा शब्द घातला होता, परिस्थितीमुळे आलेली, परिस्थितीमुळे झालेली, परिस्थितीने लादलेली. करणाऱ्याचं नाव घ्यायचं नसलं की त्याचा हात नेहमी याच डब्यात जाई. आणि हा अर्थ लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर दुसरं तिसरं कुणी नव्हतं, तो स्वतः होता. दोनदा मुख्य संपादकपदाने त्याला हुलकावणी दिली. दुसऱ्या वेळी तर त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान माणूस 'मोठे साहेब' झाला. त्या संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला होता, आणि तिने काही न विचारता पडदा ओढला, पोराला शेजारी पाठवलं, चहा उशाशी ठेवला. तेव्हा त्याला वाटलं होतं, हा शब्द आपला. या शब्दावर आपल्याइतका हक्क कुणाचा नाही. घुसमट असते ती अशी. पण आपल्या घुसमटीला निदान पडदा ओढणारं माणूस होतं, हे कोशात कुठल्या शब्दाखाली येतं? माणसं धक्के देत पलीकडे गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्याची आई म्हणायची. तिने हे बहुतेक चष्म्याबद्दल म्हटलेलं असायचं.

सही करण्याचं सोडाच, ती चिठ्ठी वाचेल, उलटून बघेल. ती सगळ्या वस्तू उलटून बघते, औषधाची बाटली, कापडाचा तुकडा, फोनचं बिल. उलटून बघेल आणि 'किरकोळ' वाचेल. आता तिच्या मनात जे काही निवून, खाली बसून, साय धरलेलं असेल, ते ढवळायला आपण चाललो आहोत. नाही केलं तर? सही त्याला येत होती, तिची; दोन गोल आणि एक लांब रेघ. बँकेच्या कागदांवर शेकडो वेळा पाहिलेली. किंवा मृत. त्याने पुन्हा एकदा तो शब्द मनात उच्चारून पाहिला आणि पावलं भरभर उचलली.

दार उघडताच ती म्हणाली, "लवकर आलात आज. बरं नाही का?" ती भिंतीशी बसून मुलाच्या जुन्या स्वेटरची लोकर उसवत होती, मुलगा परमुलखात, त्याला स्वेटर लागत नव्हता, पण लोकर चांगली होती. हे घर मोठं होतं, तीन खोल्यांचं. आई जाऊन चौदा वर्षं झाली होती. पश्चिमेच्या खिडकीत दोन लाकडी घोड्यांवर तोच बोर्ड होता आणि त्यावर त्याच पेट्या, आता त्याच्या मालकीच्या झालेल्या, कारण कचेरीने सगळं संगणकावर चढवल्यावर, चालू अक्षराच्या चिठ्ठ्या तेवढ्या ठेवून, बाकी पेट्या फेकायच्या ठरवल्या आणि चिठ्ठीबुवांनी पुन्हा हात वर केला होता. आज त्याने बोर्डाकडे बघितलं. पेट्यांच्या मधून लाकडाची कड दिसत होती आणि कडेवर तिने कधीकाळी ठोकलेल्या बारीक खिळ्यांची भोकं. घर बदललं तेव्हा हा बोर्ड कुणी बांधला, कुणी इथे मांडला, हे त्याला आठवेना. बहुतेक तिनेच.

तो चपला न काढताच तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसला. "एक सही हवी होती तुझी," तो म्हणाला. "कसली?" "कोशाची." तिने लोकर मांडीवर ठेवली. त्याने चिठ्ठी आणि अर्ज दोन्ही तिच्या हातात दिलं. समजावून सांगण्यासाठी त्याने रस्त्यात चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडेना. तिने चिठ्ठी लांब धरली, मग चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. वाक्य वाचलं. ओठ हलवत वाचलं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. "हे मी म्हणाले होते?" "हो." "अजून आहे का हे?" ती म्हणाली, आणि त्याला वाटलं की ती हसते आहे. मग तिने चिठ्ठी उलटली.

त्याने खिडकीकडे बघितलं. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं, एकेक चिमटा तोंडात धरत. "एकतीस," ती म्हणाली. "एकतीसची होते मी?" तो म्हणाला, "हो. त्या महिन्यात बत्तिसावं लागणार होतं." "हं." पुढचा शब्द तिने मोठ्याने वाचला नाही. चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून तिने ती तळहाताने सपाट केली, दोनदा. तो म्हणाला, "ते किरकोळ मी लिहायला नको होतं." "का?" ती म्हणाली. "रकाना होता ना. काहीतरी लिहायलाच हवं." "तसं नाही. मला तेव्हा..." "तुमच्या बाजूने किरकोळच होता तो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. रागाला काही तरी उत्तर असतं. "बारा पानं होती," तो म्हणाला. तिने वर बघितलं. "नकाशे. बारा पानं होती ना?" "चौदा," ती म्हणाली. "दोन नंतर वाढवून दिली होती. ते तुम्हाला सांगायचं राहिलं."

लोकरीचं एक टोक पंख्याच्या वाऱ्याने हलत होतं. ती त्याच्याकडे बघत बोलू लागली, सावकाश, एखादं जुनं गाठोडं उगाच सोडून बघावं तशी. "मला ते वाक्य नव्हतं आठवत, खरंच सांगते. मी काय बोलले ते गेलंच डोक्यातून. मला दुसरंच आठवतं. माझा घसा सुकला होता. त्या दिवशी दुपारी त्या माणसाशी बोलून बोलून, कागद का झाले नाहीत ते सांगून सांगून. तुमच्याशी बोलताना आवाज फुटेना. आणि तुम्ही एकदम उठलात." ती थांबली. "मला वाटलं, तुम्ही पाणी आणायला उठलात."

"माठ खिडकीशीच होता तेव्हा," ती म्हणाली, जणू आपली चूक समजावून सांगावी तशी. "तुम्ही तिकडेच गेलात. म्हणून वाटलं." मग तिने लोकरीचा गुंडा उचलला, परत ठेवला. "मी अगदी गप्प उभी राहिले हो. म्हटलं, आणतायत तर बोलू नये मध्ये." म्हणजे तो चेहरा सैल झाला होता तो यासाठी. बावीस वर्षं त्याने जपून ठेवलेली ती एकच बरी आठवण, बोलून मोकळी झालेली बायको, ती त्याच्या हातातून अशी गेली की धरायला काही राहिलं नाही. दोन-चार पावलांचं अंतर. तेवढ्या अंतरात ती वाट बघत उभी होती, आणि तो पेनाचं टोपण काढत होता.

"छापणार का हे?" तिने अर्ज हातात घेऊन विचारलं. "तू म्हणशील तर. नाही म्हणालीस तर काढून टाकतो. मी उद्या सांगेन त्यांना." "माझं नाव येईल?" "नाही. नुसतं 'बोली' असं येतं." ती विचार करत राहिली. तिच्या विचार करण्याला एवढा वेळ लागतो हे त्याने पूर्वी बघितलं नव्हतं, कारण तो उत्तराची वाट बघत कधी बसला नव्हता. "छापा," ती शेवटी म्हणाली. "कुणीतरी वाचेल." आणि थोड्या वेळाने, "त्यात अर्थ काय लिहिलाय तुम्ही?" त्याने सांगितला, पाठ होता तो. परिस्थितीमुळे या शब्दापाशी त्याचा आवाज खाली गेला. तिने मान डोलावली. "चांगला आहे," ती म्हणाली. "तुम्ही चांगलंच लिहिता."

ऊन पेट्यांवरून उतरून जमिनीवर आलं होतं. तिचा आवाज बोलून बोलून बसला होता. एवढं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती, निदान त्याच्याशी. ती खाकरली. एकदा, दोनदा. अर्ज तिच्या गुडघ्यावर होता आणि ती तो सरळ करत होती, सहीची जागा कुठे आहे ते बोटाने शोधत होती. तो उठला. गुडघ्यावर हात रोवून, जेवढं चटकन या वयात उठता येतं तेवढं, आणि आतल्या खोलीकडे चालू लागला.

"पेन खिशातच आहे तुमच्या," ती म्हणाली. मान वर न करता.

तो दारात थांबला. "पाणी आणतोय," तो म्हणाला.

"कुणाला?" तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.